पाठमोरा परीक्षक

पूर्वी शोणा नदीच्या काठी पुलिनपूर नावाच्या नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका नावाड्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव तिरीट ठेवले होते. आईबाप तो लहान असतानाच तापाने गेले. तेव्हा घाटावर पेज विकणाऱ्या सामा नावाच्या विधवेने त्याला आपल्या मुलाबरोबर वाढवले. तिच्या मुलाचे नाव धनिय. सामा दोघांना एकाच थाळीत वाढी आणि दोघांना सारख्याच शिव्या देई, त्यामुळे आपण परके आहोत असे तिरीटाला फारसे कधी वाटले नाही.

शोणा नदी रुंद, उथळ आणि वाळूची होती. दर पावसाळ्यात ती आपल्या घराची मांडामांड बदलीत असे. गेल्या वर्षी डोह होता तिथे यंदा वाळूचा दांडा येई, आणि दांडा होता तिथे हत्ती बुडेल एवढे पाणी. कोणती वस्तू कुठे हलवली हे ती कोणाला सांगत नसे. म्हणून त्या नगरात वल्ही मारणारे पुष्कळ असले तरी नावेची वाट ठरवून सुकाणू धरणारे थोडे होते. त्यांना कर्णधार म्हणत. कर्णधाराला राजाकडून धान्य मिळे, आणि घाटावर लोक त्याला वाट देत.

ही विद्या आचार्य गोदत्त शिकवीत. तरुणपणी ते स्वतः नामांकित कर्णधार होते. ते शिष्यांना नदीतली वाट कधीच शिकवीत नसत. "वाट शिकून काय करणार? ती पुढच्या पावसापर्यंतची," असे ते म्हणत. ते पाहायला शिकवीत. पाण्यावर सुरकुती कुठे पडते, ते तेलासारखे कुठे चकाकते, फेस वाहता वाहता कुठे अडखळतो. बगळा गुडघाभर पाण्यात उभा असला तर तिथे नाव नेऊ नका, त्याने आपले पाय घालून पाहिलेले असतात, असेही ते सांगत. शिष्याने दर वर्षीची नवी नदी स्वतःची स्वतः शिकावी, एवढाच या शिक्षणाचा हेतू होता. तो पुरा झाला की नाही हे ठरवण्यासाठी परीक्षा होती.

परीक्षा पावसाळा सरल्यावर होई. शिष्याने घाटावरून नाव सोडायची, समोरच्या बेटाला वळसा घालायचा आणि परत यायचे. आचार्य नावेच्या पुढच्या टोकाला बसत, ते शिष्याकडे पाठ करून. आपल्या चेहऱ्यावर काही वाचता येऊ नये म्हणून त्यांनीच हा नियम घातला होता. प्रवासभर ते एक शब्द बोलत नसत. नाव सुखरूप परत आली की ते घाटावर उतरून म्हणत, "आजपासून नदी तुझी गुरू." एवढे म्हटले की शिष्य कर्णधार झाला. हे शब्द एकदा उच्चारले की मागे घेत नाहीत, अशी तिथली रीत होती.

आणखी एक रीत होती. कर्णधाराच्या पहिल्या फेरीला त्याची आई नावेत बसे. ज्याने आपली आई बसवली तो नाव जपून नेईल, असा प्रवाशांचा हिशेब होता. आईला जपणे आणि नदी कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

गोदत्तांनी शिकवायला आरंभ केला तेव्हा शिष्य बरेचदा नापास होत. पुढे पुढे नापास होणारे कमी झाले, आणि गेली काही वर्षे तर एकही शिष्य परत पाठवावा लागला नव्हता. शिष्य सुधारले असे आचार्यांचे मत होते. आचार्य सुधारले असे राजाचे मत होते. मधूनमधून एखादी नाव बुडे, पण नदीवर नाव बुडण्यात नवल ते काय, असे सर्वांचेच मत होते. शिवाय नवे कर्णधार बहुधा एखाद्या जुन्या कर्णधाराच्या हाताखाली लागत, त्यामुळे बुडणाऱ्या नावा तशा थोड्याच.

वय वाढले तशी आचार्यांना एक सवय जडली होती. नावेत बसले की ते हळू आवाजात गुणगुणत. त्या चालीला धड आरंभ नव्हता की शेवट नव्हता. घोरणाऱ्याला आपल्या घोरण्याचा पत्ता नसतो, तसा आचार्यांना या गुणगुणण्याचा नव्हता. शिष्यांना ती चाल इतकी सवयीची झाली होती की ती त्यांनाही ऐकू येत नसे.

तिरीट आणि धनिय यांचे शिक्षण संपत आले त्या वर्षी, परीक्षा तोंडावर आली असताना, आचार्यांची दाढ सुजली. हळद आणि निंबाचा पाला लावून, जबड्याभोवती फडके बांधून ते सरावासाठी नावेत येऊन बसले. त्या दिवशी धनियाने नाव वाळूत घातली. त्याच्यानंतरच्या शिष्याने दुसऱ्या दांड्यावर घातली. मग तिरीटाने सुकाणू धरले आणि त्यानेही नाव थेट वाळूत नेली, तीही बगळे उभे होते तिथे. बगळे उडून गेले. आचार्यांनी फडक्यातून जे काही म्हटले ते कोणाला समजले नाही. घाटावरच्या ज्योतिष्याने दिवस वाईट होता असा निर्वाळा दिला, आणि सगळे समाधानाने घरी गेले.

तिरीट तेवढा विचारात पडला. दाढ आचार्यांची सुजली, मग डोळे आमचे कसे गेले?

दाढ उपटून टाकल्यावर आचार्य पूर्ववत गुणगुणू लागले आणि शिष्यही पूर्ववत नाव नीट नेऊ लागले. आता तिरीट कान देऊन बसला. नाव वाळूकडे झुकू लागली की आचार्यांची चाल तुटे. ती तुटताच सुकाणूवरचा हात आपोआप वळे. नाव पुन्हा खोल पाण्याला लागली की चाल पुन्हा सुरू होई. आचार्य नदी पाहत होते, आणि शिष्य आचार्यांना ऐकत होते. यात लबाडी कोणाचीच नव्हती. हे आपण करतो आहोत हे कोणालाच ठाऊक नव्हते.

खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी आपली पाळी आली तेव्हा तिरीटाने कानांत मेण घातले. सुरकुती पडलेली त्याला दिसत होती, फेस अडखळलेला दिसत होता, आणि त्यावरून काय करायचे हे मात्र कळत नव्हते. कोणती खूण आधी मानायची, कोणती सोडून द्यायची, हे आजवर कोणीतरी दुसराच ठरवत आला होता. नाव वाळूवर चढली.

त्याने हे धनियाला सांगितले. धनिय पोटभर हसला.

"मग मेण घालू नकोस," तो म्हणाला.

"धन्या, आचार्य काय जन्मभर आपल्या नावेत बसणार आहेत?"

"परीक्षेत तर बसणार आहेत ना? पुढचं पुढे. सगळे असेच झाले कर्णधार. ते काय मेले?"

"काही मेले," तिरीट म्हणाला.

"नदी आहे बाबा ती," धनिय म्हणाला. नगरात या विषयावर यापलीकडे कोणी काही बोलत नसे.

तिरीट हे सांगायला आचार्यांच्या घरी गेला. आचार्य अंगणात दोरखंड वळीत बसले होते आणि गुणगुणत होते. दाढेचे दुखणे गेल्यामुळे त्यांची मनःस्थिती फार चांगली होती. त्यांनी तिरीटाला काकडी दिली, यंदाही सगळे उत्तीर्ण होणार असे सांगितले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. तिरीट काकडी खाऊन परत आला. बोधिसत्त्व झाला तरी त्याला तेव्हा विशीही लागली नव्हती.

त्या वर्षी राणीला कमळे आवडू लागली होती. म्हणून राजाने नदीच्या खालच्या अंगाला एक मोठे तळे खणायचे ठरवले. खणणारी माणसे, त्यांच्या बायका, पोरे, टोपल्या आणि कुदळी घाटावर येऊन बसल्या होत्या. त्यांना नेण्यासाठी दोन मोठ्या नावा आणि दोन नवे कर्णधार हवे होते. जुने कर्णधार राजाच्या धान्याच्या कामावर दूर गेले होते. परीक्षेच्या दिवशी राजाचा अमात्य स्वतः घाटावर छत्रीखाली उभा होता. परीक्षेत त्याला रस नव्हता, ती आटोपण्यात होता.

आधी धनियाने नाव नेली आणि सुखरूप परत आणली. आचार्य उतरून म्हणाले, "आजपासून नदी तुझी गुरू." सामाने पेजेचे मडके तिथेच टाकले आणि मुलाच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली.

मग तिरीटाला बोलावले. तो नावेपाशी गेला, पण चढला नाही.

"आचार्य, माझ्या वेळी तुम्ही काठावर थांबा," तो म्हणाला.

"काठावरून मी काय पाहणार?"

"नाव परत आली तर दिसेल. नाही आली तरी दिसेल."

लोक हसले. अमात्य म्हणाला, "तू तयार आहेस की नाहीस, एवढं सांग."

"मी तयार नाही. आणि धनियही तयार नाही."

आचार्यांनी शांतपणे विचारले, "कशावरून म्हणतोस?"

"तुम्ही नावेत गुणगुणता, आचार्य. वाळू आली की थांबता. आम्ही तुमच्या थांबण्यावर नाव वळवतो. नदी आम्हाला येत नाही."

"मी? मी गुणगुणतो?" आचार्यांनी इतर शिष्यांकडे पाहिले. सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागले. शेवटी एकजण म्हणाला, "होय, आचार्य. पण गोड वाटतं ऐकायला."

आचार्यांचा चेहरा प्रथमच सर्वांसमोर होता आणि त्यावर सगळे वाचता येत होते. आपल्या नावाजलेल्या वर्षांचा अर्थ त्यांना त्या घटकेस कळला असावा. तेवढ्यात अमात्य म्हणाला, "धनियाबद्दलचा शब्द तुम्ही उच्चारला आहे. तो खरा की खोटा?"

"नदीवर दिलेला शब्द मागे घेत नाहीत," आचार्य म्हणाले आणि पायऱ्या चढून घरी गेले.

"दुसरी नाव तू नेत नाहीस?" अमात्याने तिरीटाला विचारले.

"नाही. मला नेता येत नाही. पण यांना पायवाटेनं जाऊ द्या. उशीर होईल, एवढंच."

"उशीर होईल, एवढंच?" अमात्य म्हणाला. त्याच्या नोकरीत याहून मोठा अपराध नव्हता. दुसरी नाव न्यायला कर्णधार उरला नाही, म्हणून त्याने तिच्यातली माणसेही धनियाच्या नावेत बसवायला सांगितली. तिरीटाने खरे सांगितल्याचा त्या दिवशी झालेला हा पहिला परिणाम.

तिरीट माणसांमध्ये फिरून उतरा, चालत जा, असे विनवू लागला. एक म्हातारा आपली शेळी घेऊन उतरला. तोही तिरीटाचे पटले म्हणून नव्हे, शेळी नावेत थांबेना म्हणून.

सामा पुढच्या फळीवर नवे लुगडे नेसून बसली होती.

"मावशी, तू तरी बसू नकोस," तिरीट म्हणाला.

"का रे? तुला आई नाही, म्हणून माझ्या पोराच्या आईनंही घाटावर बसावं?"

"मग मला पुढे बसू दे. बांबूनं पाणी मोजीत जाईन."

यावर धनियच बोलला. "आणि लोक काय म्हणतील? धन्याला दिसत नाही, म्हणून बांबू लागतो? हो बाजूला, तिऱ्या. उद्या संध्याकाळी परत येतो, मग दोघं मिळून तुझ्या कानातलं मेण काढू."

नाव सुटली. तिरीटाने घाटावरची एक होडी घेतली आणि तिच्या मागे निघाला. पुढे जाऊन वाट दाखवण्याची विद्या त्याच्यापाशी नव्हती. बुडणाऱ्याला हात द्यायला विद्या लागत नाही, एवढाच विचार त्याच्या मनात होता.

बेटाच्या खाली नदीचे दोन फाटे झाले होते. गेल्या वर्षी ते नव्हते. डाव्या फाट्यावर पाणी चकाकत होते, उजव्यावर सुरकुत्या होत्या, आणि दोन्हींचा अर्थ गोदत्तांनी शिकवलेला होता. तिरीटाने मागून पाहिले. धनिय सुकाणू धरून ताठ उभा होता आणि नाव ना डावीकडे जात होती ना उजवीकडे. ती फाट्यांच्या मधोमध वाळूच्या टोकावर चढली. मागचा प्रवाह तिच्या कुशीत शिरला, ती आडवी झाली, माणसे एका बाजूला धावली आणि ती उलटली. दोन नावांची माणसे एकाच नावेत होती.

तिरीटाने होडीत मावतील तेवढ्यांना ओढून घेतले, वाळूवर नेऊन सोडले आणि पुन्हा गेला. बरेच वाचले. त्याहून बरेच वाचले नाहीत. सामा त्याच्या हाताला लागली, तिला त्याने केसांना धरून ओढले. धनिय दोन दिवसांनी खालच्या गावी सापडला.

अमात्याने राजाला सांगितले, "महाराज, कर्णधार रीतसर उत्तीर्ण झालेला होता. तेव्हा चूक नदीची." राजाने नदीला शांत करण्यासाठी दूध आणि फुले वाहिली. अशुभ बोलून नदीला डिवचल्याबद्दल तिरीटाला घाटावर येण्याची मनाई झाली. तळे दुसऱ्या गावच्या माणसांनी खणले. त्यात कमळे लागली, तोवर राणीला मोर आवडू लागले होते.

काही दिवसांनी आचार्य गोदत्त तिरीटाच्या झोपडीत आले. ते बसले नाहीत.

"तू मागे होतास. शेवटी तो काय करत होता?"

तिरीट सांगू की नको अशा विचारात होता. कोपऱ्यात सामा बसली होती. वाचल्यापासून ती फारशी बोलत नसे. तीच म्हणाली, "मान कलती करून उभा होता. काहीतरी ऐकत असल्यासारखा. मी ओरडले, तर मला म्हणाला, आई, गप बस जरा."

आचार्यांनी भिंतीला हात टेकला. "माझी वाट पाहत होता," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तिरीट, हे तू आधी घरी येऊन मला का नाही सांगितलंस? चार माणसांत मला ते ऐकवलं नाही. एकटा असतो तर ऐकलं असतं."

"आलो होतो," तिरीट म्हणाला. "तुम्ही आनंदात होता."

आचार्य तसेच निघून गेले. त्यानंतर त्यांनी कोणाला शिकवले नाही. पश्चात्तापाने शिकवणे सोडले असे काही म्हणत, शिष्य येईनात म्हणून सुटले असे काही म्हणत. दोन्ही खरे असेल.

तिरीट नदीच्या वरच्या अंगाला, जिथे घाट नव्हता, तिथे जाऊन राहिला. तो होडी घेऊन रोज एकटा पाण्यात जाई आणि वाळूत रुते. होडी ओढून काढी, कोणत्या खुणेने फसवले ते पाही आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागी रुते. पावसाळा येई आणि शिकलेले सगळे पुसून जाई. मग तो पुन्हा आरंभ करी. काही वर्षांनी पहिल्यापेक्षा कमी दिवसांत नवी नदी त्याच्या ध्यानात येऊ लागली. पण आपण तयार झालो असे सांगणारे कोणी नव्हते, आणि स्वतःच्या सांगण्यावर त्याचा विश्वास नव्हता. म्हणून तसे वाटले की तो माणसांच्या वजनाचे दगड नावेत भरी आणि आधी ते नेऊन आणी. दगड बुडाले तर त्यांच्यासाठी कोणी रडत नाही. दगड सुखरूप पोचले, म्हणजे मगच तो माणसे घेई, तीही त्या वर्षापुरती. लोक त्याला नापास कर्णधार म्हणत, आणि पलीकडे जायचे असले की त्याच्याकडे येत. सामा त्याच्यासाठी पेज शिजवी. पण ती त्याच्या नावेत कधी बसली नाही, आणि त्यानेही तिला कधी बस म्हटले नाही. असे आयुष्य काढून तो कर्मानुसार पुढे गेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, श्रावस्तीच्या जेतवनात सांगितली. नव्या भिक्षूने पाच वर्षावास, म्हणजे पाच पावसाळे, आचार्याच्या आश्रयाने राहावे, आणि तो समर्थ झाला असेल तरच मग एकट्याने विहरावे, असा संघाचा नियम आहे. सुमंगल नावाच्या स्थविरांनी आपला शिष्य सुनाग याला नुकतेच समर्थ ठरवले होते. विचारलेल्या प्रश्नांचे एकही उत्तर त्याचे चुकले नव्हते. सुमंगलांचा एकही शिष्य कधी मागे राहत नाही, अशी धर्मसभेत भिक्षूंची वाखाणणी चालली होती. उत्तर बरोबर असले की स्थविरांची मान किंचित डोलते, ही गोष्ट मात्र कोणाच्या बोलण्यात आली नव्हती. शास्त्यांनी ती वाखाणणी ऐकली आणि वरील पूर्वजन्म सांगून ही गाथा म्हटली:

गुरूचा श्वास जो जाणे, न जाणे जळ वाहते,
गुरूवाचून त्या हाती नाव केवळ काष्ठ ते.

मग त्या जन्माची आणि या जन्माची गाठ त्यांनी घालून दिली. "त्या वेळचा अमात्य आज राजगृहात अमात्यच आहे. त्या वेळचे आचार्य गोदत्त म्हणजे आजचे स्थविर सुमंगल. त्या वेळची सामा आज भिक्षुणीसंघात आहे, आणि अजूनही कमीच बोलते. नापास कर्णधार तिरीट मीच होतो."

"आणि भदंत, धनिय?" सुनागाने विचारले.

शास्ते त्याच्याकडे पाहत राहिले. सुनागाने उत्तरासाठी वळून स्थविरांच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग आपण काय केले ते त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने मान खाली घातली.

आपल्याला काय येत नाही हे ओळखणे आणि ते वेळेवर बोलून दाखवणे, याला सत्यपारमिता म्हणतात. बोधिसत्त्वाने त्या जन्मी तिचा अर्धा भाग पुरा केला. वेळेवरचा भाग पुढच्या जन्मांसाठी राहिला.